हंडा, हापसा आणि एक वायसर

पाचोरा हे भुसावळ–मनमाड लोहमार्गावरील जुने व्यापारी गाव. कापसाचा व्यापार, जिनिंग आणि भुसार माल यांवर येथील पेढ्या उभ्या राहिल्या. गाठीचे वजन, हमाली, तोलाई, आडत, घट-तूट या सर्वांची नोंद वहीत होते. दोन किलो माल कमी भरला तरी त्याची विचारणा होते. मात्र याच तालुक्यातील खेड्यांत उन्हाळ्याच्या दिवसांत घरातील सून, लेक किंवा सासू रोज किती पाणी वाहून आणते, त्यासाठी किती चालते आणि किती वेळ देते, याची नोंद कोणत्याही वहीत आढळत नाही. ज्या श्रमाला मोल नाही त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्याचे ओझे कोणाला दिसत नाही.

हा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला माणशी ४० लिटर धरले, तर दिवसाला २०० लिटर पाणी लागते. डोक्यावर १५ लिटरचा हंडा आणि कमरेवर ८ लिटरची कळशी घेतली, तर एका खेपेस २३ लिटर पाणी येते. म्हणजे ९ खेपा झाल्या. पाणवठा घरापासून ३०० मीटरवर असेल, तर एका खेपेस जाऊन-येऊन ६०० मीटर चालणे होते. ९ खेपांचे साडेपाच किलोमीटर भरतात. चालण्याची १० मिनिटे आणि भरण्याची ५ मिनिटे धरली, तर सव्वादोन तास केवळ पाण्यात जातात. यात रांगेत थांबणे धरलेले नाही. भांड्यांचे वजन मिळवले, तर प्रत्येक खेपेस पंचवीस किलोंहून अधिक भार मान, पाठ आणि कंबर यांवर येतो. तो भार वाहणारी कधी पंधरा वर्षांची मुलगी असते, कधी गर्भवती सून, तर कधी गुडघे दुखणारी आजी.

घरोघरी नळ आले, मग हा प्रश्न उरला कोठे, असे कोणी विचारील. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील सुमारे १७ टक्के ग्रामीण घरांत नळजोडणी होती. पुढील पाच वर्षांत जोडण्यांची संख्या पंधरा कोटींच्या वर गेली, आणि माणशी रोज ५५ लिटर हे उद्दिष्ट ठरले. हे काम मोठे आहे, यात शंका नाही. परंतु भिंतीवर नळ असणे आणि त्या नळाला वैशाखात पाणी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. योजनेची विहीर आटली, मोटार जळाली किंवा वीजबिल थकले की कोपऱ्यात ठेवलेला हंडा पुन्हा बाहेर निघतो. गिरणेकाठच्या गावांना नदीपात्रात झिरे खणून पाणी काढण्याची सवय जुनी आहे. अजिंठ्याच्या डोंगररांगेकडील काळ्या खडकाच्या भागात तर विहिरीचा झरा बंद झाला की टँकरची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून नळ येईपर्यंत, आणि नळ आल्यानंतरही, ओझे हलके करणारी साधी साधने निरुपयोगी ठरत नाहीत.

विहिरीचा काठ

पाणी वाहण्याआधी ते वर काढावे लागते. आडावर किंवा विहिरीवर कप्पी नसेल, तर पोहरा काठावरून ओढून घ्यावा लागतो. दोर दगडावर घासतो, हाताला घट्टे पडतात आणि सारा जोर वाकलेल्या पाठीवर येतो. कप्पी बसवली म्हणजे पोहऱ्याचे वजन कमी होत नाही. परंतु जोर लावण्याची दिशा बदलते. वर उचलण्याऐवजी खाली ओढायचे असल्याने स्त्रीला स्वतःच्या शरीराच्या वजनाचा उपयोग करून घेता येतो. एका साध्या चाकाने एवढा फरक पडतो.

तरीही कप्पीत एक उणीव राहतेच. दोर क्षणभर सैल सोडला की भरलेला पोहरा पुन्हा विहिरीत जातो. खोल विहिरीवर दम लागला तरी थांबता येत नाही. गुजरातेतील जुनागढ जिल्ह्याचे ग्रामीण संशोधक अमृतभाई अग्रावत यांनी नेमकी ही अडचण ओळखली आणि कप्पीला एक अडकण जोडली. दोर सुटू लागला की अडकण त्याला धरून ठेवते. ओढणारी स्त्री दोन श्वास घेऊन पुन्हा ओढू शकते. या उपकरणात विजेचा, इंधनाचा किंवा दुर्मीळ सुट्या भागाचा संबंध नाही. गावचा लोहार ते समजू शकतो. थकलेल्या माणसाला मध्येच विसावा हवा असतो, एवढी साधी गोष्ट कोणीतरी लक्षपूर्वक पाहिली, यातच त्या शोधाचे मर्म आहे.

जैन कुटुंबांना पाण्याच्या साधनांविषयीचा असा सूक्ष्म विचार नवा नाही. पाणी गाळून घ्यावे आणि गाळण्यात राहिलेली जीवाणी ज्या पाण्यातून आली त्याच पाण्यात परत सोडावी, हा नियम पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. वरून टाकलेली जीवाणी विहिरीत आपटू नये म्हणून तळाला कडी असलेला पोहरा वापरला जाई. तो अलगद पाण्यापर्यंत नेला जाई आणि तेथे रिता होई. डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांची काळजी घेण्यासाठी ज्या परंपरेने पोहऱ्याला कडी लावली, तिने पोहरा ओढणाऱ्या हातांचीही तेवढीच काळजी घ्यावी, ही अपेक्षा स्वाभाविक आहे.

जालना-सोलापूरचा हापसा

साध्या तंत्राने पाण्याचे ओझे किती मोठ्या प्रमाणावर हलके होऊ शकते, याचा सर्वांत ठळक दाखला महाराष्ट्रातच घडला. पाचोऱ्याहून दक्षिणेकडे अजिंठ्याची रांग ओलांडून गेले की मराठवाड्यात जालना लागते. साठच्या दशकात या परिसरात विंधन विहिरी खोदण्याची यंत्रे येऊ लागली. दख्खनच्या कठीण काळ्या खडकात हाताने विहीर खणण्यास महिनोन्‌महिने लागत. हवेच्या दाबावर चालणारे यंत्र तेथे अल्पावधीत खोल छिद्र पाडू लागले. पाणी लागले; प्रश्न उरला तो वर काढण्याचा.

त्या काळचे हातपंप ओतीव लोखंडाचे होते. त्यांची मूळ रचना एका कुटुंबाच्या अंगणासाठी होती. घरातील पाच-सात माणसांनी दिवसातून काही वेळा दांडा हलवावा, एवढीच त्यांची कुवत. खेड्यात मात्र तोच पंप पहाटेपासून रात्रीपर्यंत तीनशे-चारशे माणसांसाठी चालू लागला. दांड्याच्या खिळी झिजत, सांधे ढिले पडत, गज वाकडा होई आणि काही आठवड्यांतच पंप मान टाकी. बोअर चांगली, पाणी भरपूर, तरीही पंप बंद असल्यामुळे बाया पुन्हा जुन्या विहिरीकडे निघालेल्या, असे दृश्य गावोगावी होते.

जालन्यातील स्कॉटिश मिशनच्या विहीर-प्रकल्पात काम करणाऱ्यांनी या पंपाचे दुखणे ओळखले. त्यांनी ओतीव लोखंडाऐवजी पोलाद घेतले आणि अनेक सांध्यांऐवजी दांडा एकाच टेकूवर फिरेल अशी रचना केली. पुढे सोलापूरच्या मिशन कार्यशाळेत या पंपात आणखी सुधारणा झाल्या. सोलापूरचा पंप घडवण्यात औपचारिक शिक्षण न घेता अनुभवातून शिकलेल्या एका भारतीय कारागिराचा हात होता, अशी नोंद आढळते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला, तेव्हा टिकाऊ हापशाची निकड सर्वांच्या ध्यानी आली. सत्तरच्या दशकात युनिसेफ, भारत सरकार, मद्रासची यांत्रिक संशोधन संस्था आणि रिचर्डसन अँड क्रूडास हा कारखाना यांनी सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन नवा नमुना तयार केला. कोइंबतूर परिसरातील खोल बोअरवर त्याची कसून चाचणी झाली आणि त्या दशकाच्या अखेरीस ‘इंडिया मार्क टू’ या नावाने त्याचे उत्पादन सुरू झाले. आज खेड्यात, शाळेच्या आवारात किंवा रेल्वे फाटकाजवळ जो निळा-करडा हापसा दिसतो, तो बहुधा याच घराण्यातील असतो.

त्याची रचना समजून घेण्यासारखी आहे. दांड्याच्या टेकूला बंद बेअरिंग असते, त्यामुळे झीज कमी होते. दांडा आणि आतील गज यांना जोडणारी साखळी एका कमानीसारख्या चापावरून उतरते. म्हणून दांडा वर-खाली होताना गज वाकडा न होता सरळ उभा चालतो. बाहेरचा दांडा भरीव पोलादाचा असल्याने आत लटकणाऱ्या गजाचे वजन बरेचसे तोलले जाते. तराजूच्या एका पारड्यात गज आणि दुसऱ्यात दांडा, असा हा हिशेब आहे. खाली नळकांड्यात दट्ट्याला वायसर असते. तेच पाणी अडवते आणि वर ढकलते. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत हा पंप चालतो आणि मिनिटाला ४० हेलकावे दिले तर साधारण १२ लिटर पाणी देतो. १५ लिटरचा हंडा सव्वा मिनिटात भरतो. बुडाशी काँक्रीटचा ओटा असल्यामुळे सांडलेले पाणी पुन्हा बोअरमध्ये मुरत नाही आणि पाणी स्वच्छ राहते.

व्यापारी वाचकाने या कथेतील आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. या पंपावर कोणाचीही मक्तेदारी ठेवली गेली नाही. त्याचे आराखडे खुले होते. भारतीय मानक संस्थेने आयएस ९३०१ हे मानक ठरवले. त्यामुळे अनेक कारखान्यांना तो बनवता आला; मात्र सर्वांचे माप एकच राहिले. एका कारखान्याची साखळी दुसऱ्या कारखान्याच्या पंपाला बसू लागली. माल कारखान्यातून निघण्यापूर्वी तटस्थ तपासणीची सोय झाली. खुली स्पर्धा, ठरलेले माप आणि चोख तपासणी या तीन गोष्टी एकत्र आल्या, म्हणून हा पंप स्वस्तही राहिला आणि टिकाऊही. येथून तो आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला आणि जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या हातपंपांत गणला गेला. जालना आणि सोलापूर या दोन बाजारपेठांच्या गावांतून निघालेला हा माल खऱ्या अर्थाने जगाच्या पेठेत उतरला.

या हापशालाही मर्यादा आहेत. भूजल ४५ मीटरच्या खाली गेले की तो जड होतो आणि मग निकामी ठरतो. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेने अनेक वाड्या-वस्त्यांवर सौर दुहेरी पंप बसवले. एकाच बोअरवर हापसाही राहतो आणि सौर ऊर्जेवर चालणारी छोटी मोटारही. दिवसा ऊन असताना पाणी ५,००० लिटरच्या टाकीत चढते आणि नळाने खाली येते. ढगाळ दिवशी हापसा हाताशी असतोच. जुने साधन न काढता त्याच्या जोडीला नवे देण्याचा हा विचार शहाणपणाचा आहे.

चाकावरचे पाणी

पाणी वर आले, तरी ते घरापर्यंत नेणे उरतेच. डोक्यावरचा भार जमिनीवर उतरवण्याची कल्पना दक्षिण आफ्रिकेत १९९१ साली पुढे आली. तेथील ‘हिप्पो रोलर’ हे ९० लिटरचे पिंप आडवे पडून जमिनीवर लोळते आणि त्याला जोडलेल्या दांड्याने ते ढकलता किंवा ओढता येते. भारतात पुढे याच धर्तीची सुमारे ४५ ते ५० लिटरची लहान पिंपे आली आणि टंचाईच्या भागात वापरली जाऊ लागली.

वरच्याच हिशेबात हे पिंप धरून पाहावे. ४५ लिटर एका खेपेत आले, तर २०० लिटरसाठी ९ ऐवजी ५ खेपा पुरतात. साडेपाच किलोमीटरचे चालणे तीन किलोमीटरवर येते आणि दिवसाचा सुमारे तासभर वाचतो. वर्षाला हे ३६५ तास झाले. आठ तासांचा एक दिवस धरला तर ४५ दिवस. एका स्त्रीला वर्षातून दीड महिना परत मिळतो. त्या वेळात शिवणकाम होईल, मुलीचा अभ्यास होईल किंवा नुसती विश्रांती होईल. विश्रांती हाही लाभच होय, आणि तो तिच्या नावे जमा झाला पाहिजे.

या पिंपाने आणखी एक बदल घडू शकतो. खानदेशातील खेड्यात डोक्यावर हंडा घेऊन निघालेला पुरुष क्वचितच दिसतो. तसे करणे त्याला कमीपणाचे वाटते. तोच पुरुष सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन अडकवून किंवा मोटारसायकलवर पिंप बांधून बिनदिक्कत पाणी आणतो. ओझे चाकावर आले की ते ‘बाईचे काम’ राहत नाही. म्हणून साधनाची निवड करताना केवळ वजनाचा विचार पुरेसा नाही. त्या साधनाला घरातील कोणकोण हात लावील, हेही पाहिले पाहिजे.

तथापि प्रत्येक गावाला पिंप उपयोगी पडेलच असे नाही. चढाची वाट, टोकदार दगड, नाल्याची उतरण असेल, तर ४५ किलोचे पिंप ओढणे हंड्याहून त्रासाचे होते. तोंड अरुंद असेल तर आत हात घालून घासता येत नाही आणि शेवाळ धरते. गाळणीचे फडके नीट बसेल एवढे रुंद तोंड, घट्ट झाकण आणि बदलता येईल असा दांडा असलेले पिंपच घ्यावे. सगळ्यांत आधी एक-दोन नग गावात देऊन महिनाभर वापरू द्यावेत आणि वापरणाऱ्या स्त्रियांना विचारून मगच पुढचे घ्यावेत. दुकानात नवा माल एकदम शंभर नग कोणी भरत नाही. आधी नमुना पाहतो. दान देतानाही हीच रीत योग्य आहे.

अंगणातले पाणी

सर्वांत कमी ओझे ते, जे वाहावेच लागत नाही. खानदेशातील अनेक व्यापारी कुटुंबांचे पूर्वज मारवाडातून आणि गुजरातेतून आले. तेथील जुन्या घरांत अंगणाखाली टांके असे. अहमदाबादच्या पोळांतील जुन्या वाड्यांत आजही अशी टांकी पाहायला मिळतात. पावसाळ्यात छपराचे पाणी त्यात उतरवायचे आणि वर्षभर पिण्यास-स्वयंपाकास वापरायचे, अशी ती व्यवस्था होती. अंधारात झाकून ठेवलेले ते पाणी दीर्घकाळ टिकत असे, आणि घरातील स्त्रीला उंबरठ्याबाहेर जावे लागत नसे.

पाचोरा परिसरात वर्षाला साधारण साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ५० चौरस मीटरच्या पत्र्याच्या छपरावर ७०० मिलिमीटर पावसाचे ३५,००० लिटर होतात. गळती, उडून जाणारे पाणी आणि पहिल्या पावसाचे सोडून दिलेले पाणी वजा केले, तरी सुमारे २८,००० लिटर उरतात. एवढी मोठी टाकी बांधणे प्रत्येकाला परवडणार नाही. परंतु १०,००० लिटरची टाकी झाली, तरी उन्हाळ्यातील १२० दिवस रोज ८० लिटरांहून थोडे अधिक पाणी दारात मिळते. पाच माणसांच्या पिण्याची आणि स्वयंपाकाची गरज त्यात भागते. आंघोळ, धुणे आणि जनावरे यांचे पाणी बाहेरून आणावे लागले, तरी रांगेत पहाटे चारला उभे राहण्याची धास्ती संपते. पहिला पाऊस वाहू देणे, पन्हळीला जाळी लावणे, टाकीला घट्ट झाकण ठेवणे आणि पाणी गाळून घेणे, एवढी पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात.

वायसर कोठे मिळते?

या सर्व साधनांची कथा अखेरीस एका छोट्या प्रश्नाशी येऊन थांबते. हापशाचे वायसर झिजले, तर नवे कोठे मिळते?

गावोगावचे बंद हापसे पाहिले, तर त्यांतील अनेकांचे दुखणे मोठे नसते. वायसर झिजलेले असते, साखळी तुटलेली असते किंवा बेअरिंग गेलेले असते. हा भाग छोटा, किंमत थोडी. परंतु तो गावात मिळत नाही, तालुक्याच्या पेठेतही नेमका नसतो. पंचायतीचा अर्ज, वरच्या कार्यालयाची गाडी, कारागिराची वेळ यांत आठवडे जातात. तेवढे आठवडे गावातील स्त्रिया दूरच्या विहिरीवर हेलपाटे घालतात. एका वायसरच्या अभावाची किंमत अशी हजारो खेपांत मोजावी लागते. पुढे आलेल्या ‘मार्क थ्री’ पंपात दट्ट्या वर काढण्यासाठी सगळे पाइप उपसावे लागत नाहीत. दुरुस्ती गावातच व्हावी, हाच त्या बदलामागील हेतू होता. तरीही सुटा भाग हाताशी नसेल, तर चांगली रचनाही थांबून राहते.

दुरुस्ती स्त्रियांच्या हाती गेली तर काय घडते, याचे उदाहरण उत्तर प्रदेशातील बांदा जिल्ह्यात आहे. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तेथे महिला समाख्या कार्यक्रमात गरीब, बहुतांशी निरक्षर स्त्रियांना हातपंप दुरुस्तीचे शिक्षण देण्यात आले. ‘बायकांना पाना कसा पेलणार?’ अशी शंका घेणाऱ्यांसमोर त्यांनी पाइप उपसले, वायसर बदलले आणि पंप सुरू करून दाखवले. पंप बंद पडला की ज्यांना सर्वांत आधी चटका बसतो, त्यांच्याच हाती पाना असेल, तर दुरुस्तीला उशीर होत नाही. राजस्थानातील बांसवाडा-डुंगरपूर भागातही स्त्रियांना असेच प्रशिक्षण देण्यात आले होते.

व्यापारी समाजाची दानाची परंपरा मोठी आहे. वैशाखात दुकानापुढे पाणपोई लावणे, प्रवाशाला थंड पाणी देणे, हे काम कित्येक घराण्यांनी श्रद्धेने चालवले. पाणपोईने वाटसरूची तहान भागते. त्याच भावनेची पुढची पायरी अशी, की रोज पाणी वाहणाऱ्या स्त्रीचे ओझेही उतरावे. त्यासाठी मोठ्या फलकाची किंवा समारंभाची गरज नाही. तालुक्याच्या गावातील हार्डवेअरच्या एका दुकानाने हापशाची वायसर, साखळी, बेअरिंग, गजाचे जोड आणि नट-बोल्ट यांचा साठा कायम ठेवावा आणि वाजवी भावात विकावा. आसपासच्या दहा-बारा गावांतील हापशांची यादी त्या दुकानात असावी. एखाद्या मंडळाने दोन-तीन गावांतील स्त्रियांना दुरुस्ती शिकवण्याची आणि पान्यांचा एक संच देण्याची जबाबदारी घ्यावी. ज्यांना दान द्यायचे आहे, त्यांनी नवा पंप देताना त्याच्या पाच वर्षांच्या दुरुस्तीची रक्कम आधीच बाजूला काढून ठेवावी. नवी मोटार विकत घेणारा मनुष्य तेल आणि दुरुस्तीचा खर्च गृहीत धरतो. पाण्याच्या साधनाला तो नियम लागू नाही, असे मानण्याचे कारण नाही.

कोणतेही साधन पाणी निर्माण करीत नाही, हेही विसरता येत नाही. हिवरे बाजारसारख्या गावाने दरवर्षी पावसाचा आणि पाण्याच्या वापराचा ताळेबंद मांडला आणि शेतीसाठी बोअर खोदण्यावर बंधन घातले, तेव्हाच तेथील विहिरी टिकल्या. पाणी जपून वापरणे, उधळण टाळणे, गरजेपुरतेच घेणे, हे ज्या घरांत धर्माचरण मानले जाते, त्या घरांनी ही शिस्त स्वतःच्या कारखान्यात, शेतात आणि बागेत आणली, तर खेड्यातील आडाचे पाणी महिनाभर अधिक टिकेल.

पेढीवर नवी वही सुरू करताना पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहिण्याची प्रथा आहे. तालुक्यातील दुकानाच्या मालसाठ्याच्या यादीत हापशाचे वायसर हा एक शब्द वाढला, तर तो दोन्ही अर्थांनी सार्थ ठरेल. दुकानदाराला त्यात लाभ आहेच. आणि त्या वायसरमुळे जो हापसा दुसऱ्याच दिवशी पुन्हा चालू होईल, त्याच्या ओट्यावर हंडा भरणाऱ्या स्त्रीला त्या दिवशी दूरच्या विहिरीवर जावे लागणार नाही.